सत्ता कोणाची? ख्रिस्ती धर्मातील अनन्यतेविषयी एक विचार

काही महिन्यांपूर्वी एका उपदेशी गृहस्थांनी आम्हांस एक प्रश्न विचारला. त्यांच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राहते. त्या घरातील वडीलधारे गृहस्थ नवससायास करीत नाहीत, मुहूर्त पाहत नाहीत, कोणाच्या नावाचा गंडादोरा बांधीत नाहीत. कारण विचारले असता, परमेश्वर एकच असून त्याच्याहून वरचढ अशी कोणाचीही सत्ता मानणे हा त्याचा अपराध होय, असे ते सांगतात. आमचे उपदेशी म्हणाले, "बाबा, हे तर आपल्यासारखेच झाले. मग त्यांच्यात आणि आपल्यात भेद तो कोणता? आणि त्यांच्यापासून आपणांस काही शिकण्याजोगे आहे की नाही?" त्या वेळी आम्ही यथामति उत्तर दिले, परंतु ते आमचे आम्हांसच पुरेसे वाटले नाही. तेव्हापासून या विषयावर जे वाचन व चिंतन घडले, ते येथे वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रथम भेद सांगितला पाहिजे. कारण भेद झाकून दाखविलेले साम्य दोन्ही पक्षांवर अन्याय करणारे असते. आपल्या शास्त्रात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ स्वतंत्र व अनादी मानले आहेत. जीव बद्धमुक्त, देवता नित्यबद्ध, प्रपंच अनित्य आणि परमेश्वर नित्यमुक्त, असा त्यांचा विवेक आहे. ख्रिस्ती धर्मात परमेश्वराखेरीज अनादी असे काहीच नाही. जीव आणि जगत् ही त्याने शून्यातून निर्माण केली, असा त्यांचा सिद्धान्त आहे. आपण पंचकृष्णांच्या ठायी परमेश्वराचे अवतरण मानतो. ख्रिस्ती लोक ते येशू ख्रिस्ताच्या ठायी, एकदाच व एकाच देहात घडले असे मानतात. आपण देवतांचे अस्तित्व नाकारीत नाही. त्यांचे नऊ थोवे मानतो, त्यांच्या ठायी असलेले परिमित सामर्थ्य मानतो, परंतु मोक्ष देण्याचा अधिकार त्यांना नाही असे निक्षून सांगतो. ख्रिस्ती शास्त्र अन्य देवांना मुळातच असत्य ठरविते. हे भेद लहान नाहीत. 'सर्व धर्म एकच सांगतात' असे म्हणून ते पुसून टाकणे शास्त्राभ्यासकास शोभणारे नाही.

तथापि एक स्थळ असे आहे की जेथे उभय पक्षांस एकाच प्रश्नास तोंड द्यावे लागते. सूत्रपाठातील अन्यव्यावृत्ति प्रकरणाच्या अभ्यासकांस तो प्रश्न परिचित आहे. परमेश्वर सर्वोपरी आहे असे मुखाने म्हणणारा पुरुष उद्या सकाळी उठल्यावर इतरांहून वेगळे असे काय करणार? परमेश्वराची सत्ता त्याने ओळखली आहे हे कशावरून जाणावे? सत्तेची स्तुती करणे आणि सत्ता ओळखणे या दोन भिन्न क्रिया आहेत. राजाची स्तुती भाटही करतो. राजाची आज्ञा मात्र ज्याला शेत सोडून जावे लागते त्याला कळते.

ख्रिस्ती शास्त्राचा या बाबतीतील पाया यहूदी धर्मग्रंथात आहे. सीनाय पर्वतावर मोशेला मिळालेल्या दहा आज्ञांपैकी अगदी आरंभीची आज्ञाच अन्य देवांच्या निषेधाची आहे. त्या आज्ञेचा अर्थ आचारात कसा उतरतो हे दानीएलाच्या ग्रंथातील एका कथेवरून कळते. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने सोन्याची एक प्रचंड मूर्ती उभारली आणि वाद्यांचा घोष होताच सर्वांनी तिच्यापुढे लोटांगण घालावे, न घालील त्यास धगधगत्या भट्टीत टाकावे, अशी आज्ञा केली. तीन यहूदी तरुणांनी ती मानली नाही. राजाने जाब विचारला तेव्हा त्यांनी दिलेल्या उत्तराचे दोन भाग आहेत. आमचा देव आम्हांस भट्टीतून सोडविण्यास समर्थ आहे, हा पहिला भाग. आणि त्याने न सोडविले तरीही आम्ही मूर्तीस वंदन करणार नाही, हा दुसरा. पहिला भाग कोणताही भक्त म्हणेल. अनन्यतेचे मर्म दुसऱ्या भागात आहे. देवताभक्तीचा सारा व्यवहार फळावर उभा असतो. फळ मिळाले तर नवस फेडावयाचा, न मिळाले तर दुसरे ठाणे पाहावयाचे. त्या तीन तरुणांनी फळाचा हिशेबच बाजूस ठेवला. ज्याची सत्ता मानावयाची तो आपल्या इच्छेप्रमाणे वागेल या अटीवर मानली, तर सत्ता त्याची राहत नाही, मानणाऱ्याची होते.

शुभवर्तमानांत या विचारास आणखी एक वळण मिळाले आहे. अरण्यात उपोषण करीत असता सैतानाने येशूस पृथ्वीवरील सर्व राज्ये दाखविली आणि आपणांस वंदन केल्यास ती देऊ केली. येशूने ती नाकारली, असे मत्तय सांगतो. पुढे योहानाच्या शुभवर्तमानात, मरणाच्या आदल्या रात्री त्याने कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतल्याचे वर्णन आहे. हे दोन प्रसंग एकत्र वाचले पाहिजेत. ज्याच्या ठायी ख्रिस्ती लोक सर्वश्रेष्ठ सत्ता मानतात त्याने राज्य नाकारले व पाय धुतले. आपल्या वाचकांस येथे सर्वज्ञांच्या चरित्रातील सशाची लीळा आठवेल. शिकाऱ्यांनी व त्यांच्या कुत्र्यांनी पाठलाग केलेला ससा स्वामींच्या मांडीखाली येऊन दडला. स्वामींनी शिकाऱ्यांना समजावून परत पाठविले आणि मग सशास मोकळे केले. परमेश्वराच्या सत्तेचे दर्शन त्या लीळेत एका भ्यालेल्या प्राण्याच्या रक्षणातून घडते. दोन्ही परंपरांचे ग्रंथ निराळे आहेत, परंतु सत्तेची खूण कोठे पाहावी याविषयी ते आपणांस एकाच दिशेस नेतात. या खुणेचा उपयोग आपणांस पुढे करावा लागणार आहे.

आता आचाराकडे वळू. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी, सुमारे ११२ साली, बिथिनिया प्रांताचा रोमन सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्राजान यास एक पत्र लिहिले. ते आज उपलब्ध आहे. ख्रिस्ती असल्याचा आरोप आलेल्या माणसाने सम्राटाच्या प्रतिमेपुढे धूप व मद्य अर्पण केले आणि ख्रिस्ताची निंदा केली की आपण त्यास सोडून देतो, असे त्याने त्यात कळविले आहे. त्याच शतकाच्या मध्यास स्मिर्ना नगरीचा वृद्ध धर्माध्यक्ष पॉलिकार्प याच्यापुढे असाच प्रसंग आला. अधिकारी निर्दय नव्हते. तुझ्या वयाकडे पाहा, सम्राटाची शपथ घे आणि घरी जा, असे ते त्यास विनवीत होते. ज्याची आपण ८६ वर्षे सेवा केली व ज्याने आपले काहीच वाईट केले नाही त्याची निंदा कशी करावी, या आशयाचे उत्तर देऊन त्याने मरण पत्करले.

येथे शंका उपस्थित होते. चिमूटभर धूप टाकल्याने काय बिघडते? भाव अंतःकरणात असतो. हाताने काय केले यास महत्त्व का द्यावे? परमेश्वर तर अंतर्यामीचे जाणतो.

या शंकेचे समाधान असे की, धूप मागणारासही भाव नकोच होता. प्लिनीला कोणाच्या अंतःकरणाशी काही कर्तव्य नव्हते. त्यास हात हवा होता. सत्ता ही नेहमी हातच मागते. अंतःकरण परमेश्वराचे आणि हात राजाचा, अशी वाटणी ज्याने मान्य केली त्याने परमेश्वरास जेथे कोणी पाहत नाही तेवढाच प्रांत दिला आणि जेथे प्रत्यक्ष कर्म घडते तो सारा प्रांत दुसऱ्याच्या स्वाधीन केला. आपल्या मार्गात विचाराबरोबर आचाराचे स्वतंत्र प्रकरण आहे, त्याचे प्रयोजन हेच आहे.

परंतु प्राचीन हुतात्म्यांच्या कथांत एक अडचण असते. काळाच्या अंतरामुळे त्यांची वेदना आपणांस लागत नाही. म्हणून आपल्या वडिलांच्या काळातील एक उदाहरण घेऊ.

ऑस्ट्रिया देशात झांक्ट राडेगुंड नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे १९०७ साली फ्रान्झ येगरश्टेटर नावाचा पुरुष जन्मला. तो शेतकरी होता. तारुण्यात तो काही विशेष धर्मनिष्ठ नव्हता. विवाहापूर्वी त्यास एक अपत्यही झाले होते. १९३६ साली फ्रान्झिस्का नामक स्त्रीशी त्याचा विवाह झाला आणि तेव्हापासून त्याचे धर्माचरण गंभीर होत गेले. पुढे त्याने गावच्या चर्चमधील सेवकाचे कामही पत्करले. एप्रिल १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन करण्यावर हिटलरने कौल घेतला, तेव्हा त्या गावातून विरोधी मत देणारा तो एकटाच होता. युद्ध सुरू झाल्यावर १९४० साली त्यास सैन्यात बोलाविले गेले. त्या वेळी तो गेला व त्याने शपथही घेतली. हे सांगणे अवश्य आहे, कारण तो आरंभापासून निश्चल होता असे नाही. शेतीच्या कामासाठी १९४१ साली तो परत आला. नंतरच्या दोन वर्षांत त्याचा निर्णय पक्का झाला की, हे युद्ध अन्यायाचे आहे आणि हिटलरच्या नावाने शस्त्र धरणे व ख्रिस्तास स्वामी मानणे या दोन गोष्टी एका माणसाकडून होणे शक्य नाही. १ मार्च १९४३ रोजी तो एन्स येथील छावणीत हजर झाला आणि त्याने लढण्यास नकार दिला. जखमींची शुश्रूषा करणारा सेवक म्हणून काम करण्याची त्याची तयारी होती. ती मान्य झाली नाही. ६ जुलै १९४३ रोजी बर्लिनच्या सैनिकी न्यायालयाने त्यास देहान्ताची शिक्षा दिली आणि ९ ऑगस्ट १९४३ रोजी ब्रांडेनबुर्ग येथे त्याचा शिरच्छेद झाला. त्याच्या तीन लहान मुलींपैकी थोरली तेव्हा सहा वर्षांचीही नव्हती.

येथे पहिलीहून कठीण अशी दुसरी शंका येते. पत्नी आणि तीन मुली यांचे रक्षण करणे ही परमेश्वराचीच आज्ञा नव्हे काय? एका आज्ञेच्या पालनासाठी दुसरी मोडण्याचा अधिकार त्यास कोणी दिला? शिवाय राज्यकर्त्यांची सत्ता देवाकडूनच आलेली असते असे पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे, तर त्या शेतकऱ्याने स्वतःची बुद्धी राजाहून व धर्मगुरूंहून श्रेष्ठ का मानावी?

ही शंका आम्ही कल्पनेने उभी केलेली नाही. लिंट्स येथील त्याच्या बिशपनी त्यास हेच सांगितले होते: कुटुंबाची जबाबदारी पाहा, युद्ध न्याय्य की अन्याय्य याचा निवाडा करणे सामान्य माणसाचे काम नव्हे. बिशप दुष्ट नव्हते आणि त्यांचा उपदेश शास्त्राच्या आधारावाचूनही नव्हता. पौलाचे ते वचन त्या काळी जर्मनीतील असंख्य सज्जनांनी आधारास घेतले. परंतु त्याच धर्मपुस्तकात, प्रेषितांच्या कृत्यांत, माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे असे पेत्राने धर्मसभेस बजावल्याचा प्रसंग आहे. दोन्ही वचने एकत्र ठेवली असता अर्थ असा निघतो की, राज्यकर्त्याची सत्ता दिलेली सत्ता आहे, आणि म्हणूनच ती मर्यादित आहे. ज्याने दिली त्याच्याविरुद्ध ती वापरता येत नाही. कैसराच्या नाण्याविषयी येशूला विचारलेल्या प्रश्नाचेही मर्म हेच होय. ज्या नाण्यावर कैसराची मुद्रा आहे ते कैसराचे. परंतु ख्रिस्ती शास्त्राप्रमाणे माणसावर मुद्रा परमेश्वराची आहे.

कुटुंबाविषयीच्या शंकेचे मात्र असे नीटस समाधान आम्हांस देता येत नाही, आणि ते द्यावे असेही वाटत नाही. आम्ही भिक्षू आहो. असतिपरी प्रकरणाच्या आज्ञेनुसार स्वदेश आणि स्वजन यांच्या संबंधाचा त्याग करून या मार्गात आलो. आम्हांस अन्न देण्यास समाज आहे, निवाऱ्यास आश्रम आहे, आणि आमच्या त्यागास दंडवत घालणारे लोक आहेत. त्या शेतकऱ्याच्या त्यागास यांतील काहीच नव्हते. त्याचे गाव त्यास हटवादी म्हणत होते, त्याचे धर्मगुरू त्यास परावृत्त करीत होते. आणि त्याच्या पश्चात त्याच्या पत्नीने जे सोसले त्याचा विचार करता मन स्तब्ध होते. आरंभी तिनेही त्याचे मन वळविण्याचा यत्न केला होता. पुढे, तो एकटा पडला आहे हे पाहून, ती त्याच्या बाजूस उभी राहिली. नवऱ्याच्या मरणाचा दोष गावाने तिच्या भक्तीवर ठेवला. इतर विधवांस मिळणारे निवृत्तिवेतन तिला १९५० पर्यंत नाकारण्यात आले. तिने शेत चालविले आणि मुली वाढविल्या. १९९७ साली बर्लिनच्या न्यायालयाने ती शिक्षा रद्द ठरविली. २६ ऑक्टोबर २००७ रोजी लिंट्स येथे कॅथलिक धर्मसंस्थेने येगरश्टेटर यास 'धन्य' म्हणून घोषित केले, तेव्हा ९४ वर्षांची ती वृद्धा तेथे उपस्थित होती. २०१३ साली, वयाची १०० वर्षे पूर्ण झाल्यावर, तिने देह ठेवला. परमेश्वराच्या सत्तेस त्या घरात दोघांनी मान दिला. एकाने मरून आणि एकीने ७० वर्षे जगून. यांतील कोणते कठीण, हे आम्हांस सांगता येत नाही.

आता या विषयाची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. ती टाळल्यास हा लेख केवळ स्तुतिपर होईल. परमेश्वराच्या सर्वश्रेष्ठ सत्तेचे नाव घेऊन ख्रिस्ती राज्यांनी मोठे अनर्थही केले आहेत, आणि त्यांचे साक्षी आपल्याच भाषेच्या प्रदेशात आहेत. गोव्यात १५६० साली 'इन्क्विझिशन' नामक धर्मन्यायालय स्थापन झाले आणि मधला अल्प खंड वगळता ते १८१२ पर्यंत चालले. बाटलेल्या लोकांनी घरात जुने आचार ठेवले काय, पूर्वीच्या चालीरीती पाळल्या काय, याची तेथे चौकशी होई. त्यासाठी बंदिवास व देहदंडापर्यंतच्या शिक्षा होत. याच गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट साधूने १६१६ साली रायतूर येथे मराठी ओवीत रचलेले क्रिस्तपुराण छापले. सुमारे ११ हजार ओव्यांचा तो ग्रंथ आहे. ख्रिस्ताचे चरित्र लोकांच्या कानी लोकांच्या भाषेत घालावे म्हणून परदेशातून आलेला एक माणूस उतारवयापर्यंत आपली भाषा शिकत राहिला. ज्यांच्यासाठी श्रीनागदेवाचार्यांनी संस्कृतापेक्षा मराठीचा आग्रह धरला त्या साध्या माणसांची आठवण येथे होते. न्यायालय आणि पुराण, दोन्हींच्या मुखी परमेश्वराच्या सत्तेचेच नाव होते. स्टीफन्स त्याच राज्याच्या छायेत राहत होता हे आम्ही विसरत नाही. तथापि भाषेच्या दारात नम्र होऊन बसणे आणि दुसऱ्याच्या चुलीत डोकावून अपराध शोधणे या दोन कृती एका जातीच्या नव्हेत.

तेव्हा परमेश्वराची सत्ता ओळखणारा कोणता आणि ती वापरणारा कोणता, हे निवडण्यास काही लक्षण हवे. वर आलेल्या उदाहरणांवरून आम्हांस एक लक्षण दिसते. ज्याने ती सत्ता ओळखली तो तिचे मोल स्वतः देतो. जो ती वापरतो तो तिचे मोल दुसऱ्याकडून वसूल करतो. पॉलिकार्पने आपला देह दिला. येगरश्टेटरने आपले प्राण दिले, आणि जे सैन्यात गेले त्यांना त्याने अपराधी ठरविले नाही. गोव्याच्या न्यायाधीशांनी स्वतःचे काहीच दिले नाही. जे दिले ते दुसऱ्यांनी. सशाच्या लीळेत दिसलेली खूण हीच होय. परमेश्वराच्या सत्तेखाली जो खरोखर आला आहे त्याच्याजवळ दुर्बलास आसरा मिळतो. त्याच्याजवळ दुर्बलास भय वाटू लागले तर तेथे दुसऱ्याच कोणाची सत्ता चालत आहे असे समजावे.

या लक्षणाची एक सूक्ष्म बाजू जर्मनीतील आणखी एका घटनेवरून कळते. १९३४ च्या मे महिन्याच्या अखेरीस बार्मेन येथे प्रॉटेस्टंट धर्मसेवकांची एक सभा भरली. हिटलरची सत्ता धर्मसंस्थेत शिरू पाहत होती. स्विस शास्त्री कार्ल बार्थ यांनी मुख्यतः लिहिलेल्या त्या सभेच्या घोषणापत्रात, जीवनाचा असा कोणताही प्रांत नाही की जेथे ख्रिस्ताऐवजी दुसरा स्वामी चालेल, या आशयाचा सिद्धान्त मांडला गेला. हिटलरशी निरपवाद निष्ठेची शपथ घेण्यास नकार दिल्यामुळे बार्थ यांची बॉन विद्यापीठातील अध्यापकाची जागा गेली. एवढे धैर्य दाखविलेल्या त्या घोषणेत, ज्यांचा छळ तेव्हा सुरू झालाच होता त्या यहूदी लोकांविषयी एक अक्षरही नव्हते. पुष्कळ वर्षांनी, १९६७ साली, बार्थ यांनी तो आपला दोष असल्याचे पत्रातून कबूल केले. आपल्या देवघरावर परकी सत्ता येते तेव्हा परमेश्वराची सत्ता आठवणे तुलनेने सोपे असते. शेजाऱ्याच्या घरावर ती येते तेव्हा आठवणे कठीण.

महाराष्ट्रातील एक नाव येथे घेतल्यावाचून राहवत नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. ज्या भगिनीमंडळाने त्यांस आश्रय दिला त्यांची अपेक्षा अशी होती की, रमाबाईंनी चर्चची शिकवण शंका न घेता मान्य करावी. रमाबाईंनी कृतज्ञता सोडली नाही, परंतु आपली विवेकबुद्धी परमेश्वरापुढे उत्तरदायी आहे, मनुष्यांच्या मंडळापुढे नव्हे, अशी भूमिका त्यांनी पत्रांतून ठामपणे मांडली. तो पत्रव्यवहार आज प्रसिद्ध आहे. ज्यांचे अन्न आपण खातो त्यांच्यासमोर असे बोलणे हे राजासमोर बोलण्याहून कमी कठीण नाही. पुढे केडगाव येथील मुक्तिसदनात दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली व स्त्रिया त्यांनी सांभाळल्या, आणि आयुष्याच्या उत्तरार्धातील अनेक वर्षे मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबल साध्या मराठीत आणण्यास वेचली. त्याचे मुद्रण तेथील स्त्रियांनीच केले. हुतात्म्याचा प्रसंग त्यांच्यावर आला नाही. त्यांनी परमेश्वराची सत्ता मानली ती रोजच्या धान्याच्या, आजाऱ्यांच्या आणि छापखान्याच्या व्यवस्थेत.

आपला मूळ प्रश्न तोच होता. भट्टी आणि शिरच्छेद हे लाखांत एखाद्याच्या वाट्यास येतात. बाकीच्यांनी ही सत्ता कोठे ओळखावी? ख्रिस्ती कुटुंबांत नित्य म्हटल्या जाणाऱ्या प्रभूच्या प्रार्थनेचा क्रम याविषयी बोधप्रद आहे. त्या प्रार्थनेत परमेश्वराचे नाव, त्याचे राज्य आणि त्याची इच्छा यांविषयीच्या मागण्या आधी येतात आणि रोजची भाकर नंतर. भाकरीची मागणी गाळलेली नाही. तिची जागा ठरवून दिली आहे. गेथशेमानेच्या बागेत येशूने स्वतःही, हे दुःख टळावे असे आधी मागितले आणि मग आपली इच्छा पित्याच्या इच्छेखाली ठेवली. याचा अर्थ, इच्छा नसावी असे नव्हे. तिने शेवटचा शब्द आपला म्हणू नये.

आता त्या उपदेशी गृहस्थांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. ख्रिस्ती सिद्धान्त आपण घ्यावा असे नाही. आपले शास्त्र आपणांस पुरेसे आहे. परंतु त्यांच्या इतिहासात जी परीक्षा झाली ती आपण आपल्या आचारास लावून पाहावी. आपण देव्हाऱ्यातील देवता काढल्या हे खरे. पण वजनाचा काटा हातात धरताना आपण कोणाचे भय मानतो? मुलीच्या विवाहात शेजारी काय म्हणतील या भयाने कर्ज काढतो, तेव्हा आज्ञा कोणाची पाळतो? घरात आजार आला आणि पहिल्या औषधाने उतार पडला नाही म्हणजे, एकदा दुसरीकडेही विचारून पाहावे असे जे म्हटले जाते, त्यात त्या तीन तरुणांच्या उत्तराचा दुसरा भाग कोठे असतो? गावात एखाद्या गरिबावर चारचौघांनी अन्याय केला असता, आपणांस त्याच्याशी काय करावयाचे, असे म्हणून आपण स्मरणास बसतो, तेव्हा ते स्मरण कोणाचे?

आणि हे प्रश्न वासनिकांनाच विचारून आम्हांस सुटता येत नाही. नुकताच एका स्थानी समारंभ होता. पंगतीत आम्हांस बसावयास जे आसन दिले गेले ते आमच्या समजुतीप्रमाणे योग्य नव्हते. आमच्याहून अनुसरणाने धाकटे असलेले एक महात्मे वर बसले होते. आम्ही बोललो काहीच नाही. परंतु जेवताना, आणि त्यानंतर रात्री नामस्मरण करतानाही, ते आसन मनातून गेले नाही. मुखात परमेश्वराचे नाम होते आणि चित्तात तीन हात लांबीच्या एका सतरंजीचे राज्य चालले होते. ज्याची आपण आज्ञा ऐकतो तो आपला स्वामी, हा न्याय जर खरा असेल, तर त्या रात्री आमचा स्वामी कोण होता हे लिहावयास लाज वाटते. पंचेचाळीस अक्षरांचे उत्तर देऊन ज्या प्रश्नातून आम्ही सुटलो होतो, तो प्रश्न त्या रात्री पुन्हा आमच्यापुढे येऊन बसला.

दुसऱ्या दिवशी आम्ही भिक्षेस निघालो तेव्हा ठरवून, जेथे मान मिळतो ती घरे सोडली आणि गावाच्या टोकाच्या वस्तीकडे वळलो. श्रीप्रभू ऋद्धिपुरात ज्या घरी जात त्यांत अशी घरे पुष्कळ होती. एका वृद्धेने शिळी भाकर दिली आणि उभ्या उभ्या दंडवत केला. यात विशेष असे काही घडले नाही. सत्ता एका दिवसात बदलत नाही. पण कोणाची सत्ता आपल्यावर चालते हे रोज एकदा तपासावे, आणि ज्या ठिकाणी परमेश्वराखेरीज दुसरे कोणी बसलेले आढळेल तेथे हाताने, आचाराने, काहीतरी सोडून द्यावे, एवढे साधन गृहस्थ व भिक्षू दोघांनाही शक्य आहे. त्या ख्रिस्ती शेजाऱ्यास आमचे उपदेशी पुन्हा भेटतील तेव्हा त्यांनी भेदाचा वाद अवश्य करावा. परंतु आधी, तुम्ही हे घरात कसे पाळता, असे त्यास विचारावे, आणि त्याने तोच प्रश्न उलट विचारल्यास खरे उत्तर देण्याची तयारी ठेवावी.